गुंगीमास्तरांच्या बायकोची पापणी

दवाखान्यातल्या लोकांनी त्यांना गुंगीमास्तर हे नाव ठेवलं त्याला कारण त्यांचं बोलणं. भूल देणारे डॉक्टर सहसा कमी बोलतात. ज्याच्याशी बोलायचं तो थोड्याच वेळात झोपणार, मग तोंडाची वाफ कशाला दवडा? मास्तरांचं तसं नव्हतं. टेबलावर आडव्या झालेल्या माणसाला ते आधी सगळं समजावून सांगायचे, तेही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. गंमत अशी, की त्यांच्या घरात खरंखुरं शिकवणारं माणूस वेगळंच होतं. त्यांची बायको शाळेत भाषा शिकवायची, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. घरात एक मास्तर आणि एक बाई, आणि पोटची लेक मात्र दोघांचंही ऐकत नाही, असं मास्तरच हसत सांगायचे. ती लेक शिकून आता दुसऱ्या गावी नोकरीला लागली होती.

मास्तरांचा हातखंडा म्हणजे जागेपणीची भूल. मनगट मोडलेला कुणी आला, की ते त्याच्या मानेच्या बुडाशी किंवा काखेत सुई घालायचे, आणि थोड्या वेळात त्या माणसाचा अख्खा हात परक्याचा होऊन जायचा. माणूस घाबरायचा. मग मास्तरांचा तास सुरू.

"हे बघा, दुखणं कुठे गेलेलं नाही. ते तिथेच आहे. तुमच्या हातापासून वर मेंदूपर्यंत मज्जातंतू जातात. त्यांच्या अंगाला बारीक बारीक दारं असतात. ती उघडली की निरोप पुढे सरकतो. माझं औषध त्या दारांत ठाण मांडून बसतं आणि दार उघडू देत नाही. दुखणं तिकडे बोंबलतंय, पण तुम्हाला पत्ता नाही."

"मग बोटं का हलत नाहीत माझी?" एखादा चौकस विचारायचा.

"हलायचा हुकूम वरून त्याच वाटेने खाली येतो ना. आणि स्नायूला कुठे स्वतःची अक्कल असते? त्याच्या अंगावर कान असतात, आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. मज्जातंतूच्या टोकाने त्या कानात रसायनाचा थेंब टाकला, तरच स्वारी हलणार. नाही टाकला तर लोळत पडणार, तुमच्या-माझ्यासारखी."

लोक हसायचे आणि हसता हसता सैल पडायचे. मास्तरांचं खरं लक्ष मात्र त्यांच्या पापण्यांवर असायचं. हात बधिर केल्यावर ते सलाईनमधून थोडं गुंगीचं औषधही सोडायचे, म्हणजे माणसाला हातोड्यांचे आवाज ऐकत पडावं लागू नये. मग पापणी जड व्हायची, अर्धी उतरायची, पुन्हा जरा उघडायची आणि शेवटी मिटायची. ती मिटली की मास्तरांच्या जिवाला बरं वाटायचं. सर्जनकडे वळून ते म्हणायचे, "चला, उरका."

अर्धं आयुष्य ज्याला उतरणाऱ्या पापणीने समाधान दिलं, त्याने घरी येऊन दुसरे डोळे कुठून आणायचे? मास्तरांच्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे, तेव्हा ते आधीच बोलून टाकलेलं बरं.

सुरुवात पापण्यांपासूनच झाली. बाई संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून मुलांचे निबंध तपासायच्या. एकदा लाल पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, हल्ली संध्याकाळ झाली की पापण्या जड होतात हो माझ्या. वर राहतच नाहीत."

मास्तरांनी मान वर करून पाहिलं. पापण्या खरंच अर्ध्यावर आल्या होत्या. त्यांना बायकोची माया आली. "झोप येतेय तुला. पड जरा," ते म्हणाले.

काही आठवड्यांनी बाई म्हणाल्या की एकाचे दोन दिसतात. मास्तर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग बाई म्हणाल्या की जेवताना शेवटचे घास घशाखाली उतरत नाहीत, जबडा दमतो. मास्तर म्हणाले, सावकाश जेव, तुझी काय गाडी चुकणार आहे? लेकीचा फोन आला तेव्हा तीही म्हणाली, "बाबा, आईचा आवाज नाकातून येतोय." बाबांनी सांगितलं, सर्दी. खुर्चीतून न उठता मास्तरांनी चार निदानं केली आणि चारही वेळा पेपरात पुन्हा डोकं घातलं.

बाईंचंही दुर्दैव असं, की सकाळी त्या ठणठणीत असायच्या. सकाळी बघावं तर डोळे टपोरे, आवाज खणखणीत, जिना चढताना मास्तरांच्या दोन पायऱ्या पुढे. संध्याकाळी त्याच बाई मलूल. सकाळी बरी आणि संध्याकाळी वाईट असलेल्या बाईचं दुखणं कोण खरं मानतो? थकवा म्हणतात आणि पुढे जातात. बाईंनीही मग सांगणं सोडून दिलं. नाहीतरी किती वेळा सांगायचं?

पण पापण्या, घास, आवाज हे सगळं एकीकडे. मास्तरांच्या जिव्हारी लागलं ते हसू.

बाईंचं हसू मोठं होतं. डोळ्यांत सुरू व्हायचं आणि तोंडाचे दोन्ही कोपरे थेट कानांकडे घेऊन जायचं. त्या हसण्यासाठीच मास्तरांनी लग्न केलं, आणि लग्नानंतरही ते रोज काही ना काही विनोद करून ते वसूल करत राहिले. दवाखान्यातून येताना वाटेत ते मनात गोष्ट घोळवायचे, घरी कशी सांगायची म्हणून. ते हसू आटलं. आधी लहान झालं, मग कोपरे वर जाईनासे झाले. मग तर असं व्हायला लागलं, की मास्तरांनी काही सांगितलं की बाईंचा वरचा ओठ तेवढा मधोमध उचलला जायचा, दात दिसायचे आणि बाकीचा चेहरा जागच्या जागी. एखाद्याची किळस यावी तसं ते दिसायचं. मास्तर गोष्ट अर्ध्यात सोडायला लागले.

एका संध्याकाळी दवाखान्यातली मंडळी घरी चहाला आली. मास्तर रंगात आले होते. त्यांनी त्या दिवशीच्या पेशंटची गोष्ट सांगितली. त्याचा स्वतःचाच बधिर हात पोटावरून घसरून मांडीवर पडला, तर तो नर्सवर ओरडला, "कुणाचा हात आहे हा? आधी उचला बघू." सर्जन खोकला येईपर्यंत हसला. हसता हसता सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं, जसं घरच्या बाईकडे बघतात. बाईंचा ओठ वर गेलेला, दात दिसत होते, डोळे अर्धे मिटलेले. सर्जनची बायको चटकन कपाकडे बघायला लागली. हसणं विझलं.

मंडळी गेल्यावर मास्तर स्वयंपाकघरात गेले. बाई कप विसळत होत्या.

"मी असा काय गुन्हा केला होता?" मास्तरांनी विचारलं. "सगळ्यांदेखत तोंड वेंगाडून दाखवलंस."

"हसले मी," बाई म्हणाल्या. शब्द नाकातून आले, एकमेकांत मिसळलेले.

"याला हसणं म्हणतात?"

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांनी नुसती मान हलवली आणि कपावर पाणी सोडत राहिल्या.

"माझा एवढा वीट आला असेल तर माणसांत बसत जाऊ नकोस," मास्तर म्हणाले. "आणि तुझी काळजी मिटली. यापुढे मीही तुझ्यासमोर तोंड उघडणार नाही."

नंतर न्हाणीघरातला दिवा बराच वेळ चालू राहिला. आत पाण्याचा आवाज नव्हता. बाई आरशासमोर उभ्या होत्या, हे मास्तरांना दाराच्या फटीतून दिसलं. त्यांनी उशी उचलली आणि ते बाहेरच्या खोलीत झोपायला गेले.

बोललेला शब्द मास्तरांनी पाळला. नको तिथे माणूस किती वचनाला जागतो! चावी कुठे आहे, दूध आलं का, नळ गळतोय, एवढंच बोलणं उरलं. भांडण असतं तर कधीतरी मिटलं असतं, राग असतो तोवर माणसाला समोरच्याचं काहीतरी हवं असतं. मास्तरांना राग येत नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. ते वेळेवर जायचे, सुई घालायचे, वेळेवर यायचे, वाढलेलं जेवायचे. समोर बाई एकेक घास चावून थांबत जेवायच्या, कधी हनुवटीला हात लावून जबडा वर ढकलायच्या. मास्तरांना ते दिसायचं आणि दिसून काहीच व्हायचं नाही. बाईंनी त्यांच्या देखत हसणं बंदच केलं होतं. शाळेतून लवकर सुटी घेऊन त्या अंधार पडायच्या आत निजायला लागल्या होत्या. असं बरेच महिने चाललं, आणि त्याची दोघांनाही सवय झाली.

मग एका दुपारी दंतूचा फोन आला. दंतू म्हणजे मास्तरांचा कॉलेजपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर.

"अरे, वहिनींची दाढ काढली आत्ता. तू ये जरा."

"रक्त थांबत नाही का?"

"रक्त ठीक आहे. दाढ चिवट होती, दोन-तीनदा इंजेक्शन द्यावं लागलं, वेळही फार लागला. पण आता जबडा लोंबतोय, थुंकी गिळता येत नाहीये. बरं, गाल-जीभ बधिर आहेत म्हणून समजून घेतलं. पण मान का पडतेय रे? मानेला तर मी हातही लावला नाही."

मास्तरांच्या मनात पहिला शब्द आला तो नाटक. खोटं कशाला बोला, तोच आला. गाडी चालवतानाही तोच होता.

दंतूच्या खोलीत खुर्ची अर्धी कलंडलेली होती आणि वरचा दिवा कुणीतरी बाजूला वळवला होता. बाईंची मान एका खांद्यावर गेली होती, गळ्याला बांधलेला कागदी रुमाल लाळेने भिजला होता. सूज येऊ नये म्हणून दंतूने रबरी हातमोज्यात बर्फ भरून त्यांच्या डाव्या गालाला लावायला दिला होता. धरून धरून बाईंचा हात दमला असावा, कारण तो मोजा वर सरकून डोळ्यावरच पडून राहिला होता. मास्तरांनी गाल बघायला म्हणून तो उचलला.

डावा डोळा टक्क उघडा होता. उजव्या डोळ्याची पापणी निम्म्याहून खाली उतरलेली.

मास्तरांनी दोन्ही पापण्या आळीपाळीने पाहिल्या. मग त्यांनी तो मोजा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि धरून उभे राहिले. दंतूने काहीतरी विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मोजा काढला. उजवी पापणी वर चढली होती. डावी आता हळूहळू उतरत होती.

हा आजार कॉलेजात शिकवला होता. स्नायूंच्या त्या कानांवर, रोगजंतूंशी लढायला ठेवलेले शरीराचे स्वतःचेच पहारेकरी चाल करून जातात, आणि एकेक कान निकामी करत सुटतात. मज्जातंतू बोलत असतो, रसायन टाकत असतो, पण ऐकायला कोणी उरत नाही. दिवसभर बोलून रसायन कमी पडत जातं, म्हणून सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट. थंडीत ते रसायन जरा जास्त टिकतं, म्हणून बर्फाने पापणी उघडते. दंतूच्या औषधाने गालाच्या मज्जातंतूंची दारं बंद केली, ते त्याचं कामच. पण त्यातलं थोडं रक्तात भटकून स्नायूंच्या कानांशीही जाऊन बसतं. धडधाकट माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, त्याच्याकडे उधळायला कान भरपूर असतात. बाईंकडे उधळायला काही उरलंच नव्हतं, त्यात तोंड एवढा वेळ ताणून धरलेलं.

म्हणजे ओठ वर गेला आणि कोपरे गेले नाहीत, कारण कोपरे उचलणाऱ्या स्नायूंचे कान आधी निकामी झाले होते. हसण्याचा निरोप रोज निघत होता. मास्तरांनी तो स्वतःच्या हाताने पुसून त्यावर किळस लिहिली होती.

"एका श्वासात आकडे मोज," ते बाईंना म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी बायकोला उद्देशून म्हटलेलं हे पहिलं धड वाक्य. बाईंना दहापर्यंतही पोचता आलं नाही. श्वासाचे स्नायूही निकामी व्हायला लागले होते.

अँब्युलन्समध्ये मास्तर त्यांच्या उशाशी बसले आणि हनुवटीखाली दोन बोटं देऊन त्यांनी तोंड वर उचलून धरलं, श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून. हजारो परक्या माणसांची हनुवटी त्यांनी अशी धरली असेल. बोटांना काम ठाऊक होतं. आत मात्र काहीच हलत नव्हतं, भीतीसुद्धा लांबूनच आल्यासारखी वाटत होती. बाईंचे डोळे मिटलेले होते आणि यावेळी मास्तरांना त्या मिटलेल्या पापण्या बघवेनात.

बाई वाचल्या. काही दिवस श्वासाच्या मशीनवर गेले, मग मशीन निघालं, मग गोळ्या सुरू झाल्या. मज्जातंतूंचा मोठा डॉक्टर एका सकाळी पलंगाशी उभा राहून सगळी हकिकत विचारत होता. पापण्या कधीपासून, दोन-दोन कधीपासून, गिळायला त्रास कधीपासून. ऐकून तो म्हणाला, "एवढे दिवस? घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. सकाळची वेळ, शब्द अगदी स्वच्छ होते.

मोठ्या डॉक्टरने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भूलतज्ज्ञ आहेत हे त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं. तो खाली बघून पुढच्या प्रश्नाकडे वळला.

घरी आल्यावर मास्तर बदललेच. गोळीची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. भाज्या मऊ शिजवायला शिकले, निबंधांचे गठ्ठे उचलून द्यायला लागले, उशी घेऊन आतल्या खोलीतही परत आले. बाईंनी हो-नाही काही म्हटलं नाही. मास्तर एका गोष्टीची वाट बघत होते, आणि मनातल्या मनात त्यांनी तिचा हिशेबही लावून टाकला होता. दोष आजाराचा ठरला. बाईंना त्यांची किळस कधी आलीच नव्हती. म्हणजे तो चहाचा दिवस रद्द, त्यानंतरचे महिने रद्द. आता गोळी आहे, हसू परत आलं की सगळं पहिल्यासारखं. अपराधी माणसाला सोयीचं गणित चटकन सुटतं.

एका सकाळी ते चहा घेऊन खोलीच्या दाराशी आले, तर बाई फोनवर लेकीशी बोलत होत्या, समोर तिचा चेहरा दिसतो तशा फोनवर. लेक विचारत होती, "आई, तुला खरंच बाबा दोन दिसायचे?"

"दोन! एकाशी बोलावं म्हटलं तर कळायचं नाही कुठला खरा. आणि ऐकत तर दोघंही नव्हते," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

तेच हसू होतं. डोळ्यांतून सुरू झालेलं, दोन्ही कोपरे पार वर नेणारं, काही कमी नाही.  मास्तरांना वाटलं, संपलं, वाईट दिवस संपले. फोन बंद झाला तसे ते आत येऊन पलंगासमोरच्या खुर्चीत बसले.

"आम्हालाही थोडं शिल्लक ठेवा की," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हसू हळूहळू उतरलं. ओठ मिटले, गाल जागेवर आले.

"दमलीस का?" मास्तरांनी विचारलं. "गोळी कमी पडते का? डोस वाढवून घेऊ आपण."

"गोळी पुरते."

"मग?"

बाईंनी चहाचा कप घेतला, एक घोट घेतला, तो सहज खाली उतरला. "तुम्हाला आजार ओळखता आला नाही, त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरही चुकतात. पण त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, हसले म्हणून. त्याला डॉक्टर कशाला लागतो? नवरा पुरला असता."

मास्तरांनी हातातली रिकामी बशी खाली ठेवली.

"रोज आरशात बघायचे, कुठे चुकतंय माझ्या हसण्यात. मग तुमच्यासमोर हसायची भीतीच वाटायला लागली मला. आता येतं हसायला. पण तुमच्याकडे बघून येत नाही."

"आजारच आहे गं तो. जाईल," मास्तर म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. "हे माझं आहे."

मास्तरांनी सवयीने त्यांचा चेहरा तपासला. दोन्ही पापण्या सारख्या, पुऱ्या उघड्या होत्या. भुवया हलत होत्या, ओठ घट्ट मिटत होते, आवाज स्वच्छ होता. एखादा दमलेला स्नायू सापडावा, म्हणून ते पुन्हा एकदा सगळीकडे बघून आले. कुठेच काही अडलेलं नव्हतं. बाईंना हसायचं नव्हतं. ते फार दुखलं मास्तरांना, आणि ते त्या खुर्चीत तसेच बसून राहिले.